सहीच्या दिवशी आंबिवलीला

डोंबिवली पूर्व
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

चि. नील,

आशीर्वाद आहेतच, ते माझ्या रागावर अवलंबून नसतात.

पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद मध्येच "आई, एक मिनिट, माझं ऐक" म्हणत नाही.

क्षिप्राच्या मावशीनं मला राघो मिस्त्रींच्या दुकानात स्टुलावर बसलेली पाहिलं. हात तेलानं काळे, पुढ्यात शिलाई मशीन उघडून ठेवलेलं. तासाभरात ही बातमी कोपरीला तुझ्या घरी पोचली. काल विसर्जनाहून आल्या आल्या तू फोन केलास आणि पहिलाच प्रश्न काय विचारलास? "आई, तुला काही कमी पडतंय का?" नाही रे बाबा. पेन्शन आहे, तुझे बाबा हा दोन खोल्यांचा ब्लॉक माझ्या नावावर करून गेले आहेत, दोन्ही वेळचं जेवण गरम आहे. तू काळजी करतोस तसलं काही नाही.

झालं ते असं. दीड वर्षापूर्वी माझं मशीन टाके सोडायला लागलं म्हणून मी ते राघो मिस्त्रींकडे नेलं. सत्तरीचे गृहस्थ, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणाले, "बाई, सुईच्या मागं काय अडकलंय ते तुमीच बगा, मला धुरकट दिसतं." मी बघितलं. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्याच हातात दिला आणि ते सांगत गेले तसं मी करत गेले. अर्ध्या तासात मशीन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी काही काम नसताना मी परत गेले. तेव्हापासून रोज जाते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. याला छंद म्हणू नकोस. मी कामाला जाते. तुला सांगितलं नाही, कारण तू काल जे म्हणालास तेच तेव्हाही म्हणाला असतास.

आता दुसरी गोष्ट. हा ब्लॉक विकायचा, घोडबंदर रोडला तीन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा आणि सगळ्यांनी एकत्र राहायचं, हे तू ठरवलंस. त्याला माझी सही लागणार आहे. तिथून बासष्टाव्या वर्षी रोज डोंबिवलीला ये-जा करणं माझ्यानं होणार नाही, म्हणजे दुकान सुटलं. मी अजून हो म्हटलेलं नाही, एवढं लक्षात असू दे.

क्षिप्राला आणि नयनला आशीर्वाद.

आई

*

कोपरी, ठाणे पूर्व
१२ सप्टेंबर

प्रिय आई,

मी शेवटचं पत्र दहावीच्या पेपरात लिहिलेलं, तेही मुख्याध्यापकांना, पाच मार्कांसाठी. तेव्हा सांभाळून घे.

तू फोन उचलत नाहीस म्हणजे कमालच झाली. अगं, मी काय वाईट बोललो? तू विमा कंपनीतून अधिकारी म्हणून रिटायर झालीस. छत्तीस वर्षं नोकरी केलीस, मला शिकवलंस, बाबांचं आजारपण एकटीनं काढलंस. आता आराम करायचा तर तू स्टेशनजवळच्या एका गाळ्यात बसून दुसऱ्यांच्या मशीनला तेल घालतेस. क्षिप्राची मावशी म्हणाली, "नील सांभाळत नाही का आईला?" मी तिला काय सांगू?

तुला वाटतं मला कळत नाही. अगं, माझं कामच आहे ते. आमच्या कंपनीत कामातला आनंद कसा शोधायचा, यावर मी लोकांची सेशन घेतो. दर महिन्याला. माणसाला काहीतरी उद्देश लागतो, हे मला पाठ आहे. पण उद्देशच हवा असेल तर नयन आहे ना? ती पाच वर्षांची आहे, शाळेतून आल्यावर पाळणाघरात राहते. तू घरी असलीस की तिलाही बरं, तुलाही बरं. हवं तर संध्याकाळी कसला तरी क्लास लाव, गाण्याचा लाव.

आणि रोज जायचं म्हणतेस तर मी पण रोज जातोच. सगळेच जातात. आवडायचा प्रश्नच कुठे येतो?

नवीन फ्लॅटमधली तुझी खोली पूर्वेची आहे. सकाळचं ऊन येतं. एकदा बघून तरी जा.

नील

*

डोंबिवली पूर्व
१६ सप्टेंबर

चि. नील,

पत्राला पाचापैकी साडेतीन. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय.

विमा कंपनीत मी काय केलं ते तुला माहीत आहे? तू लहान होतास तेव्हा सांगायचास, माझी आई लोकांना विम्याचे पैसे देते. मी आवक-जावक विभागात होते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, कागद पुढच्या टेबलावर द्यायचा. अधिकारी झाले तेव्हा शिक्का मारणाऱ्यांवर लक्ष ठेवायला लागले. पुढे त्या कागदाचं काय झालं, कुणाच्या बायकोला काय मिळालं, मिळालं की नाही, हे छत्तीस वर्षांत मला एकदाही कळलं नाही. निवृत्तीला त्यांनी मला नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. आपण काय केलं इतकी वर्षं, असं त्या दिवशी घरी येताना वाटलं, आणि कुणाला सांगायची लाज वाटली.

गेल्या आठवड्यात एक बाई आल्या. साड्यांना फॉल लावून देतात. मशीन धागा तोडत होतं. मी दोन तास घालवले. बॉबिनच्या डबीला केसाएवढा चरा पडलेला होता, तो मला सापडला. राघो मिस्त्रींना दिसला नसता, मला दिसला! त्यांनी तिथंच उभ्याउभ्या एक वीतभर शिवून बघितलं, मान हलवली आणि मशीन घेऊन गेल्या. धन्यवाद वगैरे काही नाही. मी दिवसभर हवेत होते.

सगळं गोड आहे असं समजू नकोस. आषाढात मी एका शिंप्याच्या मशीनचा दांडा वाकवून ठेवला. मिस्त्री त्या शिंप्यासमोर मला म्हणाले, "बाई, ताकद लावायची नाय, हातानं विचारायचं त्याला." मला इतकं लागलं की घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी दहाला दुकानात होते. ऑफिसातल्या एकाही बोलण्यासाठी मी कधी रडले नव्हते, यावरून काय ते समज.

नयन मला प्राणाहून प्रिय आहे. पण तिला सांभाळणं हे माझ्या आयुष्याचं उद्दिष्ट तू ठरवू नयेस. तिला तरी हे आवडेल का, मोठी झाल्यावर?

आणि "आवडायचा प्रश्नच कुठे येतो" असं लिहिलंस, ते खरं का? दर महिन्याला लोकांना आनंद शिकवणारा माणूस असं लिहितो? उत्तर दे.

राघो मिस्त्रींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नवरात्रात आहे. महिनाभर दुकान मी बघणार. किल्ली माझ्याकडे दिली आहे.

आई

*

कोपरी
२४ सप्टेंबर

आई,

घाईत लिहितोय. दसऱ्याला, म्हणजे दोन ऑक्टोबरला, दुपारी दोनला बिल्डरच्या ऑफिसात. मुहूर्ताचं बुकिंग आहे. डोंबिवलीचा ब्लॉक घेणारे लोक पण तिथेच येणार आहेत, एकाच वेळी दोन्ही सह्या होतील. सगळे कागद तयार आहेत, तू फक्त आधार कार्ड आणि पॅन कार्ड आण. मी गाडी पाठवू का? नको म्हणशील, माहितीये. पण वेळेवर ये.

तू विचारलंस त्याचं उत्तर भेटल्यावर देतो. पत्रात नको.

ती अबोली साडी नेस. फोटो काढायचेत.

नील

*

डोंबिवली पूर्व
२७ सप्टेंबर

चि. नील,

पत्र मिळालं. मिस्त्रींचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, डोळ्यावर हिरवी पट्टी लावून गादीवर बसून मला फोनवरून सूचना देतात. दुकानात मी एकटी आहे. गर्दी आहे, दिवाळीच्या शिवणकामाची.

साडी इस्त्रीला दिली आहे. दसऱ्याला काय ते होईलच.

आई

*

कोपरी
३ ऑक्टोबर

आई,

मी काल पावणेदोनपासून साडेचारपर्यंत त्या ऑफिसात बसलेलो. क्षिप्रा, नयन, क्षिप्राचे आईबाबा, सगळे. तुझा फोन बंद. दोन वाजले, अडीच वाजले. मला वाटलं तुला काही झालं. मी शेजारच्या जोशीकाकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "सरोजताई सकाळीच पिशवी घेऊन बाहेर पडल्या, चांगल्या हसत होत्या." हसत होतीस!

तो ब्लॉक घेणारा माणूस साडेतीनला उठून गेला. जाताना म्हणाला, "आधी घरात ठरवा." माझ्या सासऱ्यांसमोर. नयननं तुला द्यायला आपट्याची पानं फ्रॉकच्या खिशात ठेवलेली, ती तिथेच झोपून गेली, पानांचा चुरा झाला.

तू साडी इस्त्रीला दिली असं लिहिलंस. त्याचा अर्थ काय होतो? तू येतेस असाच होतो ना? नाही यायचं होतं तर सरळ लिहायचं. मी काय शत्रू आहे तुझा? चार लोकांत माझं तोंड बघण्यासारखं झालं. जगातल्या सगळ्या आया मुलांच्या घरात राहतात. तुलाच काय असं वेगळं सोनं लागलंय? एका गंजक्या गाळ्यासाठी तू माझं एवढं मोडलंस. तुझा मला राग आलाय आणि तो जाणार नाहीये.

नील

*

डोंबिवली पूर्व
६ ऑक्टोबर

चि. नील,

तुझं खरं आहे. मी "येते" असं लिहिलं नव्हतं, पण तुला तसं वाटेल हे मला माहीत होतं, आणि मी ते वाटू दिलं. तो भित्रेपणा झाला. त्याबद्दल आणि फक्त त्याबद्दल मी माफी मागते. नयनची वेगळी मागीन, तिच्यासमोर.

आता त्या दिवशीचं सांगते. दसऱ्याला सकाळी साडी कपाटाला टांगून मी तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसले होते. दहा वाजता माझं ठरलं की जायचं नाही. बाराला तुला फोन करून सांगायचं असा विचार होता. तेवढ्यात आंबिवलीहून मालनचा फोन आला. मालन म्हणजे तिथल्या नऊ बायकांच्या शिवण-गटाची प्रमुख. लहान मुलींचे परकर-पोलके शिवतात. दिवाळीचा सगळा माल शनिवारी दुकानदाराला द्यायचा होता, नाही दिला तर पुढच्या वर्षी काम नाही.

"मॅडम, मशिनी जाम झाल्यात. नऊच्या नऊ. एक पण फिरत नाय."

"नऊही? अगं, केलंत काय तुम्ही?"

"काय नाय ओ. काल खंडेनवमी ना, पूजा केली."

तुला सांगायचं राहिलंच, मी फोन बंद करून ठेवला, पिशवीत हत्यारं घातली आणि कल्याणला गाडी बदलून आंबिवलीला गेले. तिथं जाऊन बघते तर काय! मशीन आपल्याला खायला घालतं म्हणून या बायकांनी मशिनांना अभ्यंग घातलेलं. गोडेतेलानं माखलेली, वरून हळदकुंकू मूठमूठभर, आणि अक्षता तर अशा उधळलेल्या की लग्नच लागलं. तेल चिकट होऊन बसलं, त्यात कुंकवाचा चिखल झाला आणि तांदळाचे दाणे थेट आत, बॉबिन बसते त्या शटलपर्यंत गेलेले. मिस्त्रींनी मला गेल्या वर्षीच सांगितलं होतं, दसऱ्यानंतरचे आठ दिवस आपल्याकडे देवाची मशिनं येतात. तेव्हा तशी एक-दोनच आली, म्हणून मला ती थट्टा वाटली होती.

मी कुणाला रागावले नाही. रागावणार कशी, मी स्वतः घरच्या मशीनवर तशीच मूठभर अक्षता टाकत आले आहे, तुझ्या आजीनं शिकवलं तशी. जमिनीवर जुनं धोतर अंथरलं, रॉकेल मागवलं आणि एकेक मशीन उघडायला घेतलं. दोघींना पुसायला बसवलं, दोघींना स्क्रू सांभाळायला. काढलेले तांदूळ मालननं वाटीत जमवले. चौथ्या मशीनला म्हणाली, "मॅडम, इतक्या तांदळाची खीर होईल." आम्ही हसून हसून लोळलो. सातव्यानंतर मला मॅडम म्हणणं तिनं सोडून दिलं, ताई म्हणायला लागली.

नववं मला जमलं नाही. त्याचं आतलं चाक कशानं अडलंय ते मला कळेना, मालनच्या फोनवरून मिस्त्रींना विचारलं तरी कळेना. ते तसंच ठेवलं. पण संध्याकाळी साडेसहाला आठ मशिनं एकदम सुरू झाली, त्या पत्र्याच्या खोलीत, आठही. नील, मला रडू फुटलं. मला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता, तुझ्या जन्माच्या वेळी मी बेशुद्ध होते.

माल शनिवारी गेला. त्या बायका रोज रात्रीपर्यंत बसल्या.

आता मुद्द्याचं. मशिनं अडकली म्हणून मी आले नाही, असं सांगायची फार सोपी सोय आहे. तू ती मावशीला सांगू शकशील. पण मी ती घेणार नाही. मालनचा फोन आला नसता तरी मी आले नसते. दोनाच्या मुहूर्ताला मी घरात वरणभात खात बसले असते. मी सही करणार नाही. आज नाही, दिवाळीला नाही, पुढच्या दसऱ्याला नाही. हा ब्लॉक विकायचा नाही आणि मी दुकान सोडणार नाही. तू चिडलास तर चीड. गंजका म्हणालास ना, त्या गाळ्याला मी परवा स्वतः रंग दिला.

आई

*

कोपरी
१४ ऑक्टोबर

प्रिय आई,

सहा दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो. आज लिहितोय, कारण क्षिप्रा म्हणाली तू लिहिणार नसलास तर मी लिहिते.

दसऱ्याला तो माणूस उठून गेला ना, तेव्हा क्षिप्रानं माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "नील, तू हसतोयस." मी हसत होतो. मला कळलंच नाही. घरी आल्यावर तुला ते रागाचं पत्र लिहिलं, तेही खरं होतं. पण हे पण खरं आहे.

त्या फ्लॅटचं कर्ज मी अठ्ठावन्न वर्षांचा होईपर्यंत होतं. म्हणजे अजून बावीस वर्षं मला ही नोकरी सोडता आली नसती. तू विचारलेलंस, आवडायचा प्रश्न कुठे येतो, हे खरं का. खरं आहे. आई, मी रोज सकाळी पोचल्यावर पार्किंगमध्ये वीस मिनिटं गाडीतच बसून असतो. उतरवत नाही. मग वर जातो आणि लोकांना सांगतो की कामात आनंद कसा शोधावा. मागच्या महिन्यात एक मुलगी सेशननंतर मला म्हणाली, "सर, तुम्हाला सापडला का?" मी हसलो आणि प्रोजेक्टर बंद केला. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. क्षिप्राला पण आत्ता सांगितलं.

तू ओळखलंस ना? त्या एका वाक्यावरून? आणि म्हणून सही केली नाहीस. मला अडकू नये म्हणून. क्षिप्रा पण हेच म्हणते, की आईंनी आपल्याला वाचवलं, आणि वर वाईटपणा स्वतःकडे घेतला. मी सासऱ्यांना पण सांगितलं, की माझ्या आईनं हे माझ्यासाठी केलं. ते गप्पच झाले.

थँक यू, आई. मी तुला काय काय बोललो. ते पत्र फाडून टाक.

तुझा नील

*

डोंबिवली पूर्व
१७ ऑक्टोबर

चि. नील,

नाही.

मी काही ओळखलं नव्हतं. तुझं ते वाक्य मला खटकलं, मी एकदा विचारलं, तू उत्तर दिलं नाहीस आणि मी विसरून गेले. दुकानात गर्दी होती. दसऱ्याच्या दिवशी आंबिवलीला तू एकदाही माझ्या मनात आला नाहीस. दोन वाजता मी घड्याळ बघितलं ते चहाची वेळ झाली का म्हणून. हे वाचून तुला वाईट वाटेल, वाटू दे.

तू गाडीत वीस मिनिटं बसून असतोस हे वाचून माझा जीव तुटला. ते वेगळं आहे. ते वाचल्यापासून मी दोनदा तुझा नंबर काढला आणि फोन खाली ठेवला, कारण मी बोलायला लागले की उपाय सांगत सुटेन. नोकरी सोडायची तर सोड, धरायची तर धर, दुसरी शोधायची तर शोध. इथं येऊन चार दिवस नुसतं लोळायचं असेल तर ये, मी एक शब्द विचारणार नाही. पण तुझं कारण तू शोध. माझं घेऊ नकोस, ते माझ्या मापाचं आहे.

आणि सासऱ्यांना जे सांगितलंस ते जाऊन परत घे. आईनं मुलासाठी केलं म्हटलं की सगळे गप्प होतात, सगळ्यांना बरं वाटतं, मावशीसुद्धा डोळे पुसतील. मी तुझ्यासाठी पुष्कळ केलं, त्याचं मला काही वाटत नाही, परत करीन. बाबांसाठी केलं, ऑफिससाठी केलं, तुझ्या आजीसाठी तर विचारू नकोस. पण बासष्ट वर्षांत ही एक गोष्ट मी फक्त स्वतःसाठी केली. मला मशिनं उघडायची होती म्हणून मी आले नाही. चांगल्या मनानं का होईना, ती माझ्याकडून काढून तू परत आईच्या खात्यात टाकतोस. मी ती देणार नाही.

तुझं तीन तारखेचं पत्र मी फाडणार नाही. कपाटात ठेवलं आहे. त्यात तू माझ्यावर एका माणसावर चिडावं तसा चिडला होतास. तसं मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं. हे आभाराचं पत्र मात्र सोबत परत पाठवते आहे, ते चुकीच्या पत्त्यावर आलं.

आई